निळा दिवा

आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर एक छोटासा निळा दिवा आहे. इंजिन थंड असलं की तो लागतो आणि तापलं की विझतो. लाल दिवा लागला तर घाबरायचं, एवढं मला ठाऊक होतं. निळ्याला कोण घाबरतं? गेल्या वर्षी तो निळा दिवा अर्ध्या अर्ध्या तासाच्या प्रवासातही विझेनासा झाला, तेव्हा मी घरी कौतुकानं सांगितलं होतं, "बघा, गाडी कशी थंडगार चालते आपली!" शाळेत मुलांना वाचायला शिकवणाऱ्या माणसानं स्वतः किती चुकीचं वाचावं, त्याची ही हकिकत आहे.

गाडी जुनी, पेट्रोलची. 2022 च्या हिवाळ्यात मी ती माझ्या फुपीच्या थोरल्या मुलाकडून घेतली. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, आम्ही त्याला भाई म्हणतो. चिपळूणच्या वाचकांना सांगायला नको की, त्या काळात आमच्याकडे जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न कोणता असायचा. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा कितीतरी गाड्या दारात उभ्या उभ्या बुडाल्या. त्यातल्या काही धुऊनपुसून पुन्हा बाजारात येतील, ही भीती सगळ्यांनाच होती. मीही विचारलं, "भाई, पुरातली नाही ना?" तो म्हणाला, "ती तेव्हा आमच्या गावी होती, वरच्या आळीत. पाणी तिकडे आलंच नाही." मी विश्वास ठेवला. घरातला माणूस, त्याच्याकडे कागद कोण मागणार?

दोन वर्षं गाडी चांगली चालली. मग जानेवारीत कुरबुरी सुरू झाल्या. पंधरा-सोळाचं ॲव्हरेज घसरत घसरत अकरावर आलं. मागच्या नळीतून पेट्रोलचा वास यायचा, सिग्नलला इंजिन थरथरायचं आणि एक दिवस इंजिनचा पिवळा दिवाही लागला. पहिल्या गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला. कोड निघाला तो असा की, कूलंट पुरेसं तापत नाही. त्यानं थर्मोस्टॅट बदलला आणि अठराशे रुपये घेतले. आठवड्यात दिवा परत लागला. दुसऱ्या गॅरेजात वेगळा कोड निघाला, की मिश्रणात पेट्रोल जास्त जातंय. त्यानं धुराच्या नळीवरचा ऑक्सिजन सेन्सर बदलला. पाच हजारांच्या वर गेले. दिवा पुन्हा हजर. तिसऱ्यानं स्कॅनर न लावता बॉनेट उघडलं, जरा वेळ आत डोकावून मान हलवली आणि म्हणाला, "सर, चिपळूणची गाडी ना? पुरातली असणार. कॉम्प्युटर गेलाय हिचा."

त्याचं ते एक वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. दोन महिन्यांचा वैताग आणि सात हजारांचं नुकसान यांना अचानक एक चेहरा मिळाला, आणि तो चेहरा भाईचा होता. रात्री मी त्याला फोन केला. जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगतो की, "आपल्या माणसालाच फसवलंस" हे वाक्य त्यात होतं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मी सांगायचं ते तेव्हाच सांगितलंय," आणि त्यानं फोन ठेवला. मला ती गुर्मी वाटली.

रमजान ईद आली. दरवर्षी नमाजनंतर आम्ही खाडीपलीकडे फुपीकडे जातो. ती अब्बांची एकुलती एक बहीण. त्या वर्षी मी अब्बांना म्हणालो, गाडी बरी नाही, पुढच्या आठवड्यात जाऊ. ते काही बोलले नाहीत. दुपारी मात्र ते अंगणात खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसले होते. पुढचा आठवडाही गेला. आम्ही गेलो नाही.

एप्रिलच्या शेवटी अब्बांना हृदयाच्या तपासणीसाठी कराडला न्यायचं होतं. कुंभार्ली घाट चढून, कोयनानगर, पाटण करत शंभरेक किलोमीटर. अब्बांना एसी सोसत नाही, म्हणून काचा उघड्या ठेवून निघालो. घाटात एका ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगत होतो. निळा दिवा लागलेलाच होता. मी मनात म्हटलं, चला, तापत तरी नाही. आणि दोन वळणांनंतर बॉनेटच्या फटींतून पांढरी वाफ उसळली.

गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. अब्बांना हात धरून उतरवलं आणि कठड्यापाशी सावलीत बसवलं. एक ट्रकवाला थांबला. मी रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार एवढ्यात तो ओरडला, "गुरुजी, हात लावू नका! उकळतं पाणी तोंडावर येईल." त्याचे उपकार मी विसरणार नाही. पाऊण तास आम्ही तिथं बसलो. अब्बा छातीवर हात ठेवून शांतपणे श्वास घेत होते आणि मी वाफेकडे पाहत होतो. उकळणाऱ्या इंजिनावर तो निळा दिवा शेवटपर्यंत "थंड आहे, थंड आहे" सांगत राहिला होता. पुढे अब्बांना दुसऱ्या गाडीनं कराडला पाठवलं आणि आमची गाडी दोरानं ओढून खाली आणली.

त्याच संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. नववीत मराठीत त्याला मी शंभरपैकी चौतीस दिले होते, हे तो दर भेटीत हसत हसत सांगतो. नंतर आयटीआय करून त्यानं स्वतःचं छोटं गॅरेज काढलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. एसी होता का, पंखा फिरत होता का, दिवा कोणता होता, एवढंच विचारलं. आणि म्हणाला, "सर, आता काही करायचं नाही. रात्रभर गाडीला हात लावू नका. सकाळी चावी फिरवायच्या आधी मी येतो."

फजरनंतर तो खरंच आला. माझी मुलगी बारावी सायन्सला, तीही दुपट्टा सावरत येऊन उभी राहिली. त्यानं आधी आमच्या पडवीतला थर्मामीटर पाहिला. 26 अंश. मग स्टिअरिंगच्या खालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये एक ठोकळा बसवला आणि चावी नुसती 'ऑन' केली, इंजिन सुरू केलं नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला जे आकडे दिसतात ते त्याच्या मोबाइलवर दिसू लागले. इंजिनात जाणारी हवा 27 अंश. कूलंट 18 अंश.

"काय चुकलं?" त्यानं विचारलं. आता तो मास्तर आणि मी विद्यार्थी.

मुलगी लगेच म्हणाली, "गाडी रात्रभर उभी होती. मग आतलं पाणी बाहेरच्या हवेएवढंच असणार. हवेपेक्षा आठ अंश थंड कसं होईल?"

"बरोबर. चिपळूणला एप्रिलात अठरा अंश पाणी फ्रिजमध्येच मिळेल. दोन साक्षीदार सव्वीस-सत्तावीस सांगतात, एक अठरा. खोटं कोण बोलतंय ते कळलं. पण का बोलतंय, ते अजून कळायचंय. सर, लोक इथंच थांबतात आणि पार्ट बदलतात."

मग त्यानं जे समजावलं, ते माझ्या भाषेत सांगतो. इंजिनाचं पाणी किती तापलंय हे सांगणारा सेन्सर म्हणजे एक छोटी पितळी पुंगळी. आतला पदार्थ असा की, थंड असताना विजेला जास्त अडवतो आणि तापला की वाट मोकळी करतो. साधारण वीस अंशांना अडीच हजार ओहम, ऐंशी अंशांना तीनशेच्या आसपास. कॉम्प्युटर त्याच्याकडे पाच व्होल्टचा दाब पाठवतो आणि विरोध किती झाला यावरून तापमान ठरवतो. त्यानं बिचाऱ्यानं पाणी कधी पाहिलेलंच नसतं. त्याला फक्त विरोध दिसतो. म्हणजे वाटेत तारेनंच थोडा जास्तीचा विरोध केला, तर कॉम्प्युटरला वाटणार, इंजिन थंड आहे.

त्याच्या डब्यात एक जुना सेन्सर होता. मुलीनं एका पत्र्याच्या डब्यात पाणी उकळत ठेवलं आणि त्यात तो तारेनं सोडला. मल्टिमीटरवरचा आकडा दोन हजारांवरून सरसर उतरत दोनशेच्या खाली गेला. ती एवढी खूश झाली की पुस्तकातला तो धडा आता तिला आयुष्यभर विसरायला होणार नाही.

मग गाडीकडे. त्यानं आमच्या सेन्सरचा कपलर काढला. मोबाइलवर कूलंट उणे चाळीस झालं. मी दचकलो. तो म्हणाला, "हे बरोबर आहे. तार तुटली की पट्टीच्या तळाचा आकडा दिसतो." मग त्यानं सेन्सरच्या दोन पिना मीटरनं मोजल्या. दोन हजार ओहमच्या आसपास. सव्वीस अंशांना जेवढे हवेत तेवढेच. म्हणजे सेन्सर निर्दोष. शेवटी त्यानं कपलरमधल्या दोन तारा एका छोट्या तुकड्यानं एकमेकींना जोडल्या. "आता विरोध शून्य. आकडा पार वर, एकशेतीसच्या पुढे जायला हवा." आकडा चढला आणि 56 वर थांबला.

"सापडलं," तो म्हणाला. "सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. मधे तारेत कुठेतरी सातशेएक ओहम बसलेत."

सगळा उलगडा तिथंच झाला. थंड इंजिनावर तेवढ्या विरोधानं आठ अंशांची चूक होते. पण इंजिन तापलं की सेन्सरचा स्वतःचा विरोध अगदी थोडा उरतो आणि तारेतले सातशे ओहम भारी पडतात. नव्वद अंशांचं इंजिन कॉम्प्युटरला पन्नासच्याही खाली दिसतं. मग तो काय करणार? इंजिन थंड आहे समजून जास्त पेट्रोल देणार, म्हणून ॲव्हरेज गेलं. निळा दिवा पेटता ठेवणार. आणि रेडिएटरचा पंखा सुरूच करणार नाही, कारण पंखा साधारण पंच्याण्णवच्या पुढे लागतो. एसी असताना एसीसाठी पंखा फिरतोच, म्हणून गावात आम्ही वाचत राहिलो. घाटात एसी नव्हता, वेग नव्हता, आणि वाफ झाली.

मला आठवले ते दोन कोड. कूलंट तापत नाही, हा पहिला. कॉम्प्युटरनं जे पाहिलं ते प्रामाणिकपणे सांगितलं होतं. पेट्रोल जास्त जातंय, हा दुसरा. ऑक्सिजन सेन्सर तर शंभर टक्के खरं बोलत होता. आणि आम्ही काय केलं? जो खरं बोलत होता त्यालाच काढून फेकलं. "कोड म्हणजे तक्रार असते सर, निकाल नसतो," तो म्हणाला. हे वाक्य मी आमच्या स्टाफरूममध्ये लावण्याच्या विचारात आहे.

पण माझ्या मनात अजून तो तिसरा गॅरेजवाला होता. मी विचारलं, "म्हणजे पुराचं पाणीच ना? त्यानंच तार गंजली असणार."

त्यानं उत्तर दिलं नाही. चारी सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढले, कारण बेल्टच्या आतल्या टोकाला राहिलेली चिखलाची रेघ सहसा कुणी धुवत नाही. रेघ नव्हती. पायाखालचा गालिचा उचलला, सीटच्या पट्ट्यांचे बोल्ट पाहिले, मागची स्टेपनी काढून खालची जागा बोटानं पुसली. कुठं गाळ नाही, गंज नाही. "ही गाडी पुरात नव्हती सर," तो म्हणाला आणि पुन्हा बॉनेटमध्ये वाकला.

सेन्सरपासून वीतभर अंतरावर वायरिंगच्या काळ्या वेष्टणातून पिवळी टेप डोकावत होती. त्यानं ती ब्लेडनं सोडवली. आत दोन तारा नुसत्या पिळून जोडलेल्या होत्या. तांबं हिरवं पडलेलं. हात लावताच मोबाइलवरचा आकडा नाचायला लागला.

"हा जोड कुणी मारला?" त्यानं विचारलं.

मी काही बोलायच्या आत मुलगी म्हणाली, "अब्बू, ही आपली टेप आहे."

स्वयंपाकघरातल्या खणात ती पिवळी टेप आजही आहे. आणि मग मला सगळं आठवलं. घेतल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात बॉनेटमध्ये उंदीर शिरला होता. गाडी सुरू होईना आणि मला शाळेत परीक्षेला पोचायचं होतं. नाक्यावरून एका पोराला बोलावलं. तो म्हणाला, "सर, तार कुरतडलीय. दोन-तीन ठिकाणी आहे. गॅरेजला आणा, डाग देऊन पक्कं करू." मी म्हणालो, "आत्ता पिळून चिकटव, पुढचं पुढे बघू." त्याच्याकडे टेप नव्हती, ती मीच खणातून आणून दिली. ते 'पुढचं पुढे' मी कधीच पाहिलं नाही. कोकणातल्या दोन पावसाळ्यांनी मात्र पाहिलं.

दोन गॅरेजवाल्यांना मी शिव्या दिल्या, तिसऱ्यावर विश्वास ठेवला आणि भाईला चोर ठरवलं. मला सोडून सगळ्यांची तपासणी झाली होती.

त्यानं तारेचा खराब भाग कापला, नवीन तुकडा डाग देऊन जोडला, वर आक्रसणारी नळी चढवून गरम केली. कपलरच्या पिना साफ केल्या. चावी ऑन केली. हवा 27, कूलंट 27. इंजिन सुरू केलं. काही मिनिटांत निळा दिवा विझला. बऱ्याच महिन्यांनी तो विझलेला पाहून मला गलबलून आलं, हे सांगायला लाज वाटत नाही. गाडी तशीच उभी ठेवली, पंच्याण्णवच्या पुढे आकडा गेला आणि पंखा घरघरत सुरू झाला. घाटात एवढी तापूनही तेलात पाणी मिसळलेलं नव्हतं. अलहमदुलिल्लाह, इंजिन वाचलं. त्यानं मजुरीचे पाचशे रुपये मागितले. मी हजार पुढे केले, तर म्हणाला, "पाचशेच द्या सर, आणि तो एक मार्क वाढवून द्या."

वाचक भगिनी-बंधूंना दोन गोष्टी सांगतो, कारण कुणाच्या तरी घरी हे उपयोगी पडेल. इंजिनचा दिवा लागला तर कोडचा कागद किंवा फोटो मागून घ्या आणि "हा पार्ट बदलायच्या आधी तारा आणि कपलर तपासलेत का?" एवढं विचारा. रात्रभर उभ्या गाडीतले आकडे सकाळी हवेशी ताडून पाहा. निळा दिवा पंधरा-वीस मिनिटांनीही विझत नसेल तर ती शाबासकी नाही. गाडी तापलीच तर कडेला घेऊन बंद करा, आणि रेडिएटरचं झाकण गार होईपर्यंत उघडू नका. आणि टेप लावून घेतली असेल, तर ती कुठं लावली हे लिहून ठेवा.

त्याच रविवारी अब्बांना घेऊन फुपीकडे गेलो. अब्बांची तपासणी ठीक निघाली होती. फुपी दारातच उभी होती. तिनं अब्बांना पाहिलं, मला पाहिलं, आणि काही न बोलता आत जाऊन शेवयांचा टोप चुलीवर चढवला. ईदच्या दिवशी आमच्यासाठी बाजूला काढलेल्या शेवया तिनं तशाच डब्यात ठेवल्या होत्या. माझ्या मुलीची ईदीही पाकिटात घालून, वर नाव लिहून ठेवली होती. अब्बा तिच्या शेजारी पाटावर बसले. दोघं म्हातारी बहीण-भाऊ बराच वेळ पावसाबद्दल बोलत राहिली.

भाई मागच्या अंगणात नारळ सोलत होता. मी सलाम केला. त्यानं जबाब दिला, पण वर पाहिलं नाही. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. उंदीर, पिवळी टेप, सातशे ओहम. शेवटी म्हणालो, "भाई, बदगुमानी केली मी तुझ्यावर. मला माफ कर." वर्गात चाळीस मुलांसमोर न अडखळता बोलणारा मी, त्या एका वाक्यात तीनदा थांबलो.

त्यानं हातातला नारळ पुरा सोलला. मग उठला, हात पुसले आणि काही न बोलता पुढच्या अंगणात गाडीपाशी गेला. बॉनेट उघडलं. जुनी गाडी त्याला तोंडपाठ, त्यानं जोड नेमका शोधला, बोटांनी चाचपला, थोडा ओढून पाहिला.

"पक्का आहे," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "काढलेला थर्मोस्टॅट आणि तो ऑक्सिजनचा सेन्सर फेकलेस काय रे?"

"नाही. डिकीत आहेत."

"ठेव. चांगले आहेत ते," तो म्हणाला आणि बॉनेट हळूच खाली सोडलं. आतून फुपीनं हाक मारली, शेवया गार होतायत म्हणून. आम्ही दोघं आत गेलो.